गंजलेल्या पोलादाची कणगी

शिल्पं बघायला शेडवर जाताना लेकीला, इराला, न्यायचं नाही, असं हिमानीने सकाळीच ठरवलं होतं. पण ती स्वतः आंघोळ करून बाहेर येईपर्यंत आप्पांचं नातीच्या पायांत बूट चढवून झालं होतं, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात, आणि दोघं गाडीपाशी जाऊन उभी होती. चार वर्षांची इरा बदकासारखी पाय टाकत होती. आजोबांनी घातलेले बूट तिच्या लेखी बरोबरच होते.

माईंच्या ते लगेच लक्षात आलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी इराचे पाय मांडीवर घेतले, धाकट्या मुलाशी, सोहमशी, पुण्याच्या पाण्याबद्दल बोलता बोलता बूट काढले, बदलले, आणि बंद लावताना एकदाही खाली पाहिलं नाही. बदलापुरातच, कात्रपच्या वळणावर, रिक्षांच्या घोळक्यात गाडी अडली होती, आणि हिमानी पुढच्या सीटवरून आरशात हे बघत होती. सासूबाईंचे हात फारच सराईत वाटले तिला. हे त्या रोजच करत असाव्यात.

सोमवारपासून तिला ठाण्याच्या ऑफिसात परत रुजू व्हायचं होतं. बालवाडी सुटल्यावर संध्याकाळपर्यंत इरा घरीच राहणार, म्हणजे म्हणायला आजी-आजोबांकडे. पण माईंचे गुडघे त्यांना धड जिना चढू देत नव्हते, तेव्हा खरं म्हणजे आप्पांकडे. घरात हे केव्हाच ठरून गेलं होतं, आणि ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त खूश आप्पाच झाले होते. हिमानीने गेल्या आठवड्यात नवऱ्याला, शौनकला, सांगून पाहिलं होतं. आप्पा इराला आणायला गेले ते बराच वेळ आले नाहीत, म्हणून ती बघायला गेली, तर कोपऱ्यावरच्या मेडिकलबाहेर नातीचा हात धरून उभे. रस्ता ओलांडायला थांबल्यासारखे. आणि रस्ता रिकामा होता. शौनक म्हणाला, ऊन लागलं असेल. मग थोड्या वेळाने म्हणाला, तू ना, सारखी बघत असतेस त्यांच्याकडे, माणूस बिचकतो अशाने.

बागेत शिल्प उभं करायची कल्पना शौनकचीच. बागेतली बकुळ गेल्या वर्षी वादळात आडवी झाली, तेव्हापासून फाटकाशेजारचा तो तुकडा उघडाबोडका दिसत होता. तिथे आप्पांच्या पंचाहत्तरीला काहीतरी कायमचं उभं करावं, असं त्याच्या मनात आलं. एका कंपनीच्या आवारात त्याने वेदरिंग स्टीलची कामं पाहिली होती. हे पोलाद मुद्दाम गंजू देतात. रंग जुन्या मडक्यासारखा तांबूस होत जातो. सोहमने ऐकलं तेव्हा तो फोनवर हसतच सुटला. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सचे साहेब म्हणून ज्या माणसाने हयातभर गंज खरवडला, त्याला पंचाहत्तरीला गंजच भेट द्यायचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सांगितलंस तर स्वस्तात करून देतील, म्हणाला, वर गंजाचं पॉलिशही मारून.

पण आप्पांना कल्पना आवडली होती. निवड मी करणार, एवढंच ते म्हणाले होते.

शलाकाची शेड अंबरनाथच्या एमआयडीसीत, आतल्या गल्लीच्या टोकाला होती. ती तिशीची शिल्पकार, हातात जाड मोजे, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा. शेडच्या मागे मोकळं आवार, आणि त्यात तिने कामं उन्हात मांडून ठेवली होती. रोज सकाळी पाणी मारायचं, दिवसभर वाळू द्यायचं, असं महिनोन् महिने. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, त्यामुळे प्रत्येकाला जरा ओरडूनच बोलावं लागत होतं.

ओळीने तीन मोठी कामं होती. पहिलं पान, माणसाच्या उंचीचं, देठाशी पिळलेलं. दुसरी खिडकी, म्हणजे उभी चौकट, जिच्यातून पलीकडचं दिसतं. आणि तिसरी कणगी. धान्याची कणगी असते तशीच, पोटात फुगलेली, वर निमुळती, आणि पूर्ण पोकळ. आत दिवा ठेवता यावा म्हणून मागच्या बाजूला खाली परातीएवढं एक गोल भोक होतं, त्यावर झाकणाची प्लेट, आणि ती बाहेरून अडकवायला खिट्टी.

हिमानीने आधी ते भोक पाहिलं. मग कणगीला हात लावून पाहिला आणि पटकन मागे घेतला.

"हे भोक कायमचं बंद करून मिळेल का?"

"आलं," सोहम म्हणाला. "वहिनीचं सेफ्टी ऑडिट सुरू."

शलाका काही बोलायच्या आत आप्पांनीच उत्तर दिलं. माणूस आत जायचं मॅनहोल बंद करायचं नसतं, ते म्हणाले, नाहीतर आतलं वेल्डिंग बघणार कसं. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत, हे हिमानीने टिपलं, आणि टिपल्याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटली.

*

सोहमला खरं तर कणगीचं किंवा पानाचं काहीच पडलं नव्हतं. तो आला होता वडिलांना बघायला. दादाने फोनवर आडून आडून सांगितलं होतं, की हिमानीला आप्पांबद्दल काहीतरी वाटतंय. आणि सोहमने त्याचा सरळ अर्थ लावला होता, की वहिनीला ठाण्यात वेगळं घर हवंय आणि त्यासाठी म्हातारा बिघडलेला असणं सोयीचं आहे. हे तो दादाला बोललाही होता. दादाने ते खोडून काढलं नव्हतं.

आणि आता समोर हे आप्पा. पांढरा शर्ट खोचलेला, हात मागे बांधलेले, पानाभोवती एक फेरी मारून ते शलाकापाशी येऊन थांबले आणि जे बोलायला लागले, ते ऐकताना सोहम परत शाळेत गेला.

"साधं लोखंड गंजतं तेव्हा गंजाच्या पोपड्या सुटतात. पोपडी गळली की खालचं नवं लोखंड उघडं. ते पुन्हा गंजतं. असं शेवटपर्यंत खात जातं. ह्या पोलादात तांबं असतं, क्रोम असतं. ह्याचा गंज सुटत नाही, दुधावर साय धरावी तसा घट्ट धरतो, आणि मग तोच खालच्या धातूला सांभाळतो." त्यांनी बोटाने पानाच्या कडेवरची धूळ पुसली. "फक्त ओलं झाल्यावर त्याला वाळायला मिळालं पाहिजे. पाणी साचलं की संपलं. आणि इथे जास्त दिवस ठेवू नका. ह्या हवेत अॅसिडची वाफ असते, कवच धरायचंच नाही. बदलापूरला धरेल."

शलाका म्हणाली, सर, हे मला शिकवणाऱ्यांनीसुद्धा इतकं नीट नव्हतं सांगितलं. शौनकने बायकोकडे वळून पाहिलं. बघ, असा त्याचा चेहरा. सोहमनेही पाहिलं. वहिनीचा चेहरा उतरला होता. तिला आनंद का होत नाही, हेच त्याला कळेना.

तेवढ्यात आप्पांनी शलाकाला विचारलं, जांभूळचं पाणी, म्हणजे एमआयडीसीतल्या कारखान्यांना येतं ते, आज बंद आहे का.

"सकाळी आपल्याकडे नळ गेला होता ना, त्याचं म्हणतायत," माई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "अहो, ही शलाका. हिनेच केलंय हे सगळं."

सोहमने मान डोलावली आणि तो विषय सोडून दिला. सकाळी वहिनीनेच पिंपं भरली होती आणि नळ धो धो वाहत होता, हे त्याला आठवलं, पण फार नंतर.

*

माईंना शलाकाने सावलीत खुर्ची दिली होती. तिथून त्यांना सगळं आवार दिसत होतं, आणि सगळं म्हणजे एकच माणूस.

दिवाळीपासून त्यांचं आयुष्य असं झालं होतं. एक पाऊल पुढे राहायचं. कोणी येताना दिसलं की नाव आधी आपण घ्यायचं. प्रश्न आला की अर्धं उत्तर आपण द्यायचं. दिवाळीतच एकदा दुपारच्या चहाला आप्पांनी त्यांच्या हातून कप घेतला होता, छान आहे म्हणाले होते, आणि मग अगदी सभ्यपणे विचारलं होतं, माईंना दिला का? माईंनी हो म्हटलं होतं. दुसरं काय म्हणणार होत्या. त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या होत्या, आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगितलं तर काय होईल, ते त्यांना दिसत होतं. मुलं दोन्ही गुणी आहेत, म्हणूनच नीट चौकशी करतील, चांगली जागा शोधतील, आणि ह्या माणसाला, ज्याच्यापुढे कारखान्यातली अख्खी पाळी उठून उभी राहायची, तिथे कोणी लाळेरं बांधून भरवेल. त्यापेक्षा आपण सांभाळू. आपल्याला युक्त्याही कळायला लागल्यात. ते हरवले की आठवा म्हणायचं नाही, त्याने चिडतात, घाबरतात. साहेब म्हणायचं. एकदा घराच्या चाव्या सापडेनात. इतरांसारखं विचारलं तर ते नुसते बघत राहिले. मग माईंना काय सुचलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, साहेब, चाव्या कुठे जमा केल्या? स्टोअरला, असं उत्तर आलं, ठणठणीत. बागेतल्या अवजारांच्या कपाटात होत्या. त्या भाषेत ते कधीच चुकीचं सांगत नव्हते, फक्त नावं तिकडची, कारखान्यातली, असायची.

आणि इरा जवळ असली की तेवढीही गरज पडत नसे. पोर हाताला असलं की ते पूर्ण असत. सोमवारपासून रोज ती त्यांच्याजवळ असेल, या विचाराने माईंना गेले काही दिवस शांत झोप लागत होती. त्यात पोरीचं काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता असं नाही. विचारला होता, आणि बाजूला ठेवला होता.

समोर आप्पा कणगीच्या पोटावर बोटांच्या पेरांनी ठोकत होते. ठोकायचे, कान जवळ नेऊन ऐकायचे, एक पाऊल सरकायचे. इरा मागे मागे, तीही ठोकून बघत होती. घरची पाण्याची टाकी धुवायला माणूस यायचा तेव्हा आप्पा असेच करत, बाहेरून एक टकटक, आतून एक टकटक. माईंना हायसं वाटलं. रमलेत, त्यांना वाटलं.

मग शौनकने हाक मारली, माई, तू सांग, पान की कणगी, आणि त्या उठून आत शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसल्या.

*

शेडमधल्या टेबलावर बागेचा नकाशा पसरला होता. निवड आप्पांची होती, पण मतं सगळ्यांना होती. शौनकला कणगी हवी होती; फाटकातून आत येणाऱ्याला तीच पहिल्यांदा दिसेल, घरात सुबत्ता असल्यासारखं वाटेल, म्हणाला. हिमानीला पान हवं होतं. सोहमने कणगीच्या बाजूने हात वर केला, आणि तो कोणाच्या विरुद्ध केला हे सगळ्यांना समजलं. माईंनी दोन्ही मुलांकडे बघितलं आणि कणगी म्हणाल्या.

हिमानी चिडली. खूप दिवसांची साठलेली चीड एका लोखंडी पानावर निघाली. पोकळ वस्तू लहान मूल असलेल्या घरात कशाला, ती म्हणाली. शौनक म्हणाला, तुझ्या मताने घरात काहीच आणायला नको. सोहम म्हणाला, वहिनी, घर तरी हवंय ना तुम्हाला हे? त्यावर ती वळली आणि त्याला नीट उत्तर द्यायला लागली. शलाका अवघडून नकाशाचा कोपरा सरळ करत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं होतं, की हिमानीची पाठ आप्पांकडे होती.

ते आवारातून आत आले. रुमालाने हात पुसत आले, रिकाम्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, चहा मिळेल का.

एकटे होते.

"आप्पा, इरा कुठाय?"

त्यांनी हिमानीकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती, पण अदब होती, परक्या बाईशी बोलताना असते तशी.

"कोण?" त्यांनी विचारलं.

पुढचं सगळं एकदम घडलं. शौनक आवारात धावला, कोणी दिसेना, तसाच फाटकाकडे गेला. फाटक उघडं होतं आणि बाहेरच्या गल्लीतून केमिकलचे टँकर जात होते. शेडच्या मागे कंपनीचा नाला होता, ज्याचं पाणी कधी जांभळं, कधी हिरवं असायचं. सोहम तिकडे धावला. शलाका ग्राइंडर थांबवायला शेजारी पळाली. हिमानी आवारात एक चक्कर मारून आली, पानामागे, खिडकीमागे, खिट्टी लावलेल्या कणगीमागे, प्लेटांच्या थप्पीमागे, इराच्या नावाने ओरडत. स्वतःचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. इराचा येणार कुठून? मनात चित्रं यायला लागली होती, आणि तिला माहीत होतं की ही चित्रं तिने आधीच पाहिलेली आहेत, रोज, कपडे वाळत घालताना, कुकर लावताना. तेव्हा ती स्वतःला वेडी म्हणायची.

ती परत आत आली आणि आप्पांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसली. त्यांच्या शर्टाची बाही तिने मुठीत धरली.

"आप्पा, आठवा. इरा. तुमच्याबरोबर होती. कुठे सोडलीत तिला? आठवा ना."

आप्पा घाबरले. बाही सोडवून उठून उभे राहिले, खुर्ची मागे कलंडली. "तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटच्या?" ते म्हणाले. "आत कोणी सोडलं तुम्हाला?"

हिमानीला वाटलं आता आपण ह्यांना मारू. खरंच हात उचलला जाईल.

तेव्हा माई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून, एकदा बसून, पुन्हा. त्यांनी हिमानीच्या खांद्याला धरून तिला बाजूला केलं आणि पदर सारखा करून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. फार जवळ नाही, ऑफिसात टेबलापलीकडे उभं राहावं तितक्या अंतरावर.

"साहेब."

आप्पांचे खांदे सरळ झाले.

"साहेब, आत माणूस आहे का?"

"आहे."

"कुठे?"

"तीन नंबर टाकीत." त्यांचा आवाज पूर्वीचा होता, दमदार. "मॅनहोल लहान आहे, म्हणून बारक्या चणीचा पाठवलाय."

"आणि बाहेर कोण उभं आहे?"

"माणूस ठेवलाय," आप्पा म्हणाले. "बाहेर माणूस ठेवल्याशिवाय मी कधी कोणाला आत सोडत नाही."

पान, खिडकी, कणगी. हिमानी धावत सुटली होती.

खिट्टी तापली होती. ती फिरवताना बोटं भाजली ते तिला कळलं, पण दुखलं नाही. झाकण निघालं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. आत मधोमध, कशालाही अंग लागू न देता, गुडघे पोटाशी घेऊन इरा बसली होती. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, एका तळहाताची कड पोळून लाल झालेली. ती रडत नव्हती. आईकडे तिने जरा नाराजीनेच बघितलं.

हिमानीने तिला ओढून बाहेर घेतलं आणि आवाराच्या मातीत तशीच बसली. ग्राइंडर थांबला होता. त्या अचानक आलेल्या शांततेत इराचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं.

"मी आवाज नाही केला," ती म्हणाली. "आजोबा म्हणाले, मी ठोकलं की तू ठोकायचं. पण त्यांनी ठोकलंच नाही."

*

शलाकाने माठातलं पाणी आणलं, पंचा ओला करून आणला, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिली.  इरा पाणी प्यायली, तिला उलटी झाली, पुन्हा प्यायली, आणि हाताला फुंकर मार म्हणाली. हिमानी फुंकर मारत राहिली.

फाटकातून परत आलेला शौनक कणगीसमोर उभा होता.

"झाकण कोणी लावलं?" त्याने विचारलं. अजूनही दुसरं कोणीतरी सापडेल, अशा आवाजात.  आप्पा शेडच्या दारात उभे राहून इराकडे बघत होते, आणि पोरीला काय झालं, असं शलाकाला विचारत होते.

सोहम नाल्याकडून आला होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. त्याचं लक्ष आईकडे होतं.

"माई," तो म्हणाला. "काय विचारायचं, ते तुला कसं कळलं?"

माईंनी आपली सावलीतली खुर्ची शोधली. ती धावपळीत कलंडली होती. सोहमने ती उचलून दिली नाही.

"दिवाळीपासून असंच विचारते," त्या म्हणाल्या.

"दिवाळीपासून," शौनक म्हणाला. "आणि सोमवारपासून तू इराला..."  तो आईवर आयुष्यात कधी ओरडला नव्हता, आणि आत्ताही नाही ओरडला. चार पावलं जाऊन तो पानाशी पाठ करून उभा राहिला.

सोहम हिमानीजवळ येऊन बसला. काही बोलणार होता. तिने इराला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. आत्ता त्याचं ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती.

माई तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "हिमानी, तुला तरी सांगायला हवं होतं मी."

"हो," हिमानी म्हणाली. "सांगायला हवं होतं."

बरोबर असल्याचा आनंद होईल असं तिला कधीतरी वाटलं होतं. आता ती इराच्या मानेवर ओला पंचा फिरवत होती, आणि सासूबाई अजून उभ्याच होत्या. शेवटी शलाकाने माईंना खुर्ची दिली.

*

डॉक्टरांनी मलम दिलं, भरपूर पाणी द्या म्हणाले, आणि हे झालं कसं, असं विचारलं तेव्हा शौनकने खेळताना असं सांगितलं. घरी आल्यावर दोघे भाऊ आणि माई स्वयंपाकघराचं दार लोटून बसले. आतून सोहमचा आवाज येत होता, मुंबईतल्या कोणा डॉक्टरचं नाव, मग माईंचं रडणं.

इरा हॉलमध्ये झोपली होती. हिमानी दार उघडं ठेवून बागेच्या पायरीवर बसली, अशी की तिला ती दिसावी. ऊन उतरलं होतं. आप्पा बाहेर आले. त्यांनी शर्ट बदलला होता, केस विंचरले होते. पायरीवर, जरा अंतर ठेवून, तेही बसले.

"आज शेडवर काय झालं?" त्यांनी विचारलं. "शौनक माझ्याशी बोलत नाहीये."

हा आवाज आप्पांचा होता. ते परत आले होते. काही नाही, जरा ऊन लागलं तुम्हाला, असं म्हणता आलं असतं; गाडीत सगळ्यांनी तेच केलं होतं.  हा माणूस चिडेल, किंवा मोडेल, आणि दोन्हीची तिला सारखीच भीती वाटत होती.

तिने सांगितलं. सगळं, क्रमाने. आप्पांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी प्रश्न विचारले, चौकशीला बसल्यासारखे.

"झाकणाला खिट्टी लावलेली होती?"

"हो."

"बाहेर कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"जागा कोणी सोडली?"

"तुम्ही, आप्पा."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते बकुळीच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"कंपनीत एक जण होता," ते म्हणाले. "टाकीपाशी उभा केला होता, तो मधेच विडी ओढायला गेला. आतल्याला काही झालं नाही, सुखरूप बाहेर आला. पण त्याला मी पुन्हा कधी टाकीपाशी उभं केलं नाही. चांगला माणूस होता. रडला माझ्यापुढे." थांबून ते म्हणाले, "सोमवारी इराला माझ्याकडे ठेवू नका."

इतके दिवस तिला कोणाच्या तरी तोंडून हेच ऐकायचं होतं. ऐकलं तेव्हा त्यांच्या मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून होते.

"तुम्हाला कधीपासून कळतंय हे?"

"कळतं तेव्हा कळतं," आप्पा म्हणाले. "मधे काय होतं, ते मला कुठे दिसतं? परत येतो तेव्हा तुमचे चेहरे बदललेले असतात. त्यावरून ओळखतो."

आत कोणीतरी भांडं ठेवलं.

"माई झाकून घेते. शौनकला बघवत नाही, त्याचं चूक नाही. तू बघतेस. मला माहीत आहे." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "बघत राहा. आणि मी कुठे चुकलो ते मला सांगत जा, मी ओरडलो तरी. उद्या सोहमला म्हणावं, त्या शेडवरच्या मुलीला पान पाठवायला सांग. पानाला आतबाहेर नाही."

हिमानी हो म्हणाली. नोकरीचं काय, सोमवारचं काय, पुढच्या वर्षी हा माणूस कोणाला कोण समजेल आणि तेव्हा इरा कुठे असेल, हे प्रश्न तसेच होते.

हॉलमध्ये इरा उठली. हाताला पांढरं मलम, गालावर चटईचे वळ. दारात आली, दोघांना बघितलं, आणि आजोबा, झोका द्या म्हणत धावत पायऱ्या उतरून झोपाळ्यावर जाऊन बसली.

आप्पा अर्धवट उठले होते. ते तिथेच थांबले. त्यांनी हिमानीकडे पाहिलं, आणि ती मान हलवेपर्यंत तसेच, गुडघ्यावर हात ठेवून, वाकलेले उभे राहिले.